नोकरी बदलताना पर्यायांची तुलना : इरुंगाट्टुकोट्टैचे उदाहरण

प्रस्तावना

आयटीआय किंवा डिप्लोमा पूर्ण करून दोन-तीन वर्षे एखाद्या कारखान्यात काम केले की बहुतेकांसमोर एक प्रश्न येतो. आहे तिथेच राहावे, की बाहेर पडावे? चाकण, रांजणगाव, वाळूज, बुटीबोरी येथील तरुणांना आता दूरच्या ठिकाणांहूनही नोकरीचे निरोप येतात. त्यांतले एक ठिकाण म्हणजे चेन्नईजवळचे इरुंगाट्टुकोट्टै. निरोपात सहसा एकच गोष्ट ठळक असते, ती म्हणजे पगाराचा आकडा. निर्णय मात्र त्या एका आकड्यावर घेता येत नाही.

या घटकाचा अभ्यास केल्यानंतर तुम्हाला पुढील गोष्टी करता येतील :

- नोकरीच्या प्रस्तावातील कामाचा प्रकार ओळखणे
- दोन ठिकाणच्या पगाराची खरी तुलना करणे
- नव्या कामात काय शिकायला मिळेल याचा अंदाज घेणे
- संधी कुठे शोधायची आणि फसवणूक कशी टाळायची हे ठरवणे

या सर्व मुद्द्यांच्या मुळाशी एक प्रश्न आहे. तो सुरुवातीलाच वहीत लिहून ठेवा : ही नोकरी ज्या दिवशी संपेल, त्या दिवशी माझ्याजवळ काय उरलेले असेल?

१. ठिकाणाची ओळख

इरुंगाट्टुकोट्टै हे तमिळनाडूच्या कांचीपुरम जिल्ह्यात, श्रीपेरुंबुदूरच्या अलीकडे, चेन्नई-बंगळूरु महामार्गावर आहे. हा महामार्ग म्हणजे राष्ट्रीय महामार्ग ४८. पुणे, सातारा, कोल्हापूरवरून बंगळूरुकडे जाणारा रस्ता तोच आहे आणि तो पुढे चेन्नईला संपतो.

आपल्याकडे एमआयडीसी औद्योगिक क्षेत्रे वसवते, तसे तमिळनाडूत सिपकॉट हे सरकारी महामंडळ वसवते. इरुंगाट्टुकोट्टैला सिपकॉटचे औद्योगिक क्षेत्र आहे. ह्युंदाई मोटर इंडिया ही कंपनी १९९६ साली स्थापन झाली, तिने आपला कारखाना येथे उभारला आणि १९९८ मध्ये येथून सँट्रो ही मोटार बाजारात आली. २००८ मध्ये त्याच आवारात दुसरा कारखाना सुरू झाला. आज येथील वार्षिक उत्पादनक्षमता आठ लाख मोटारींहून अधिक आहे.

मोटारीचा कारखाना एकटा उभा राहत नाही. सीट, बंपर, वायरिंग, दाराचे पत्रे, एक्झॉस्टचे पाइप हे सारे आसपासचे पुरवठादार बनवतात. ह्युंदाईबरोबर अनेक कोरियन पुरवठादार या भागात आले. जवळच ओरगडम येथे रेनॉ, डेमलरचे ट्रक आणि रॉयल एनफील्ड यांचे कारखाने आहेत. श्रीपेरुंबुदूर परिसरात काच आणि इलेक्ट्रॉनिक्सचे कारखाने आहेत. म्हणून ‘इरुंगाट्टुकोट्टैला नोकरी’ याचा अर्थ ‘ह्युंदाईत नोकरी’ असा लगेच घेऊ नका. बाहेरून येणाऱ्या उमेदवाराला मिळणारे काम बऱ्याचदा पुरवठादाराकडचे किंवा ठेकेदारामार्फतचे असते. ते वाईटच असते असे नाही. फक्त ते नेमके कोणाकडचे आहे, हे आधी कळले पाहिजे.

२. कंपनीची पाटी आणि नोकरीची शाश्वती

‘मोठी कंपनी आहे, काळजी नको,’ असे घरचे म्हणतात. या एका समजुतीवर निर्णय घेण्यापूर्वी तीन उदाहरणे पाहा.

*श्रीपेरुंबुदूर.* नोकियाचा मोबाइल फोनचा कारखाना येथे २००६ साली सुरू झाला आणि हजारो तरुण-तरुणींना त्यात काम मिळाले. २०१४ मध्ये नोकियाचा फोनचा व्यवसाय मायक्रोसॉफ्टकडे गेला, पण करविषयक वादामुळे हा कारखाना त्या व्यवहाराबाहेर राहिला. पुढे मायक्रोसॉफ्टने फोन घेणे थांबवले आणि १ नोव्हेंबर २०१४ पासून उत्पादन बंद झाले. कामगारांच्या कामात काही खोट होती म्हणून हे घडले नाही.

*मरैमलै नगर.* चेन्नईच्या दक्षिणेकडील फोर्डच्या कारखान्यातील उत्पादन थांबवण्याचा निर्णय सप्टेंबर २०२१ मध्ये जाहीर झाला आणि जुलै २०२२ मध्ये तेथील काम थांबले.

*तळेगाव.* पुणे जिल्ह्यातील जनरल मोटर्सचा कारखाना २००८ साली सुरू झाला. कंपनीने भारतातील विक्री २०१७ अखेर थांबवली, काही काळ निर्यातीसाठी उत्पादन चालू ठेवले आणि डिसेंबर २०२० मध्ये तेही बंद केले.

आता याच उदाहरणांची दुसरी बाजू पाहा. नोकिया गेला, पण श्रीपेरुंबुदूरचा इलेक्ट्रॉनिक्स उद्योग संपला नाही. काही वर्षांत तो परिसर पुन्हा मोबाइल फोन आणि त्यांचे भाग बनवू लागला. तळेगावचा कारखाना ह्युंदाईनेच घेतला. त्याचा करार २०२३ मध्ये झाला, ताबा जानेवारी २०२४ मध्ये मिळाला आणि २०२५ मध्ये तिथून उत्पादन सुरू झाले. मधली वर्षे मात्र कामगारांना स्वतःच काढावी लागली.

यावरून दोन गोष्टी लक्षात येतात. पहिली, कारखाना बंद पडू शकतो, पण एकाच प्रकारचे अनेक कारखाने जवळजवळ असलेल्या पट्ट्यात दुसरे काम मिळण्याची शक्यता जास्त असते. दुसरी, तोपर्यंतचे महिने निभावून नेण्यासाठी हाताशी शिल्लक आणि दुसरीकडे चालेल असे कौशल्य लागते. कंपनीचे नाव पाहा, पण पट्टा आणि कौशल्य त्याहून बारकाईने पाहा.

३. पहिली चाळणी : कामाचा प्रकार

प्रस्ताव आला की पहिला प्रश्न पगाराचा विचारू नका. ‘नियुक्तीपत्र कोणाच्या नावाने मिळेल?’ हा प्रश्न विचारा. उत्तरावरून पुढीलपैकी एक प्रकार निघेल.

- शिकाऊ उमेदवार. शिकाऊ उमेदवार कायदा १९६१ नुसार हा प्रशिक्षणार्थी असतो, कामगार नव्हे. त्याला वेतन नव्हे, विद्यावेतन मिळते. प्रशिक्षण संपल्यावर नोकरी देण्याचे बंधन कंपनीवर आपोआप येत नाही. मात्र शेवटी मिळणारे राष्ट्रीय प्रमाणपत्र देशभर चालते.
- ट्रेनी. हा शब्द प्रत्येक कंपनी आपापल्या अर्थाने वापरते. किती महिन्यांचे प्रशिक्षण, त्यानंतर काय आणि आधीच्या तुकडीतील किती जणांना घेतले, हे विचारा.
- ठेकेदारामार्फत. काम कंपनीच्या आवारात, पण मालक ठेकेदार. पगाराची चिठ्ठी आणि भविष्य निर्वाह निधी दोन्ही ठेकेदाराच्या नावाने येतात. ठेकेदाराने वेतन थकवले तर ते देण्याची जबाबदारी कायद्याने मूळ कंपनीवर येते. पण ते मागायला तुमच्याकडे कागद हवा.
- ठरावीक मुदतीचा करार. कंपनी स्वतः नेमते, पण एक, दोन किंवा तीन वर्षांसाठी. मुदत संपली की नोकरी संपते.
- कंपनी रोलवर, कायम. प्रोबेशन संपल्यावर कायम होणारी नेमणूक.

२१ नोव्हेंबर २०२५ पासून देशात चार कामगार संहिता लागू झाल्या. त्यांतील तीन तरतुदी तुमच्या उपयोगाच्या आहेत. प्रत्येक कामगाराला नियुक्तीपत्र मिळाले पाहिजे. ठरावीक मुदतीच्या कामगाराला एक वर्षाच्या सेवेनंतर ग्रॅच्युइटीचा हक्क मिळतो. आणि नोकरी सोडल्यावर किंवा सुटल्यावर वेतनाचा हिशेब दोन कामकाजाच्या दिवसांत चुकता झाला पाहिजे.

या चाळणीचा नियम सोपा आहे. नियुक्तीपत्र द्यायला जो तयार नाही, त्याचा पगार कितीही असो, तो पर्याय यादीतून काढून टाका.

४. दुसरी चाळणी : हातात काय उरते?

एक काल्पनिक उदाहरण सोडवू. समजा, तुम्ही फिटर आहात. घर राजगुरुनगरला आणि नोकरी चाकणला आहे. एकूण पगार २०,००० रुपये असून त्यात मूळ वेतन १२,००० आहे. इरुंगाट्टुकोट्टैहून २६,००० रुपयांचा प्रस्ताव आला आहे आणि त्यात मूळ वेतन १५,००० आहे.

| बाब (दरमहा, रुपये) | चाकण | इरुंगाट्टुकोट्टै |
|---|---|---|
| एकूण पगार | २०,००० | २६,००० |
| भविष्य निर्वाह निधी (मूळ वेतनाच्या १२ टक्के) | १,४४० | १,८०० |
| राज्य कामगार विमा (०.७५ टक्के) | १५० | लागू नाही |
| व्यवसाय कर (अंदाजे) | २०० | २०० |
| हातात येणारी रक्कम | १८,२१० | २४,००० |
| खोलीभाड्यातील वाटा | ० | ३,००० |
| जेवण | ५०० | ४,५०० |
| स्थानिक प्रवास व इतर | २,००० | ८०० |
| गावी जाण्या-येण्याचा मासिक वाटा | ० | ७०० |
| आरोग्य विम्याचा हप्ता | ० | ५०० |
| शिल्लक | १५,७१० | १४,५०० |

पगार ६,००० रुपयांनी वाढला, पण शिल्लक १,२१० रुपयांनी घटली. आकडे तुमच्या परिस्थितीप्रमाणे बदलतील. घरापासून लांब खोली घेऊन राहणाऱ्याचे चाकणचे गणितही वेगळे येईल. रीत मात्र हीच ठेवा.

या तक्त्यातील तीन गोष्टी नीट समजून घ्या.

*पहिली : राज्य कामगार विमा.* सध्या दरमहा २१,००० रुपयांपर्यंत वेतन असणाऱ्यांना तो लागू होतो. पगार त्यापुढे गेला की पुढील अंशदान कालावधीपासून हे संरक्षण सुटते. त्यात आई-वडील, पत्नी, मुले यांचे उपचार होत असतील तर तो तोटा मोठा आहे. नवी कंपनी स्वतःचा आरोग्य विमा देते का आणि त्यात आई-वडील येतात का, हे विचारा.

*दुसरी : भविष्य निर्वाह निधी.* तुमच्या पगारातून कपात होते तेवढीच रक्कम मालकही भरतो आणि त्यातील काही भाग पेन्शन योजनेत जातो. वरील उदाहरणात दोघांचे मिळून चाकणला २,८८० आणि इरुंगाट्टुकोट्टैला ३,६०० रुपये जमा होतील. म्हणजे हातातील शिल्लक कमी झाली तरी दरमहा ७२० रुपये जास्त साठतील. मात्र काही ठिकाणी मालकाचा वाटाही ‘सीटीसी’च्या आकड्यात धरून सांगतात. २६,००० हा आकडा त्यासह आहे की त्याशिवाय, हे विचारल्याशिवाय तक्ता मांडू नका.

*तिसरी : सोडण्याची वेळ.* कायम कामगाराला ग्रॅच्युइटीसाठी सर्वसाधारणपणे सलग पाच वर्षे सेवा लागते. शेवटचे वेतन १२,००० असेल तर पाच वर्षांची ग्रॅच्युइटी १२,००० × १५ ÷ २६ × ५ = ३४,६१५ रुपये होते. तुमची साडेचार वर्षे झाली असतील तर सहा महिने थांबण्याची किंमत काढून पाहा.

५. तिसरी चाळणी : काय शिकायला मिळते?

वरील उदाहरणात दोन वर्षांत १,२१० × २४ = २९,०४० रुपये कमी शिल्लक पडतील. याकडे फी म्हणून पाहा. कॉलेजची फी भरताना आपण अभ्यासक्रम विचारतो. मग ही फी भरताना तो का विचारू नये?

समजा, चाकणला तुम्ही तीन वर्षे एकाच मशीनवर पार्ट चढवणे-उतरवणे करत आहात आणि इरुंगाट्टुकोट्टैला मेंटेनन्स विभागात वेल्डिंग रोबोवर काम मिळणार आहे. तर ही फी परवडणारी आहे. कारण रोबोची देखभाल, पीएलसी वाचणे, प्रेसची डाय बदलणे, मोल्डिंग मशीनचे सेटिंग ही कामे ज्याला येतात त्याला तळेगाव, चाकण, साणंद कुठेही विचारतात. उलट तिथेही पार्ट चढवणे-उतरवणेच असेल, तर तुम्ही फी भरून तोच वर्ग पुन्हा करणार आहात.

मुलाखतीत किंवा फोनवर हे प्रश्न विचारा :

1. माझे काम कोणत्या विभागात आणि कोणत्या मशीनवर असेल?
2. ते मशीन चालवायचे की सेट आणि दुरुस्तही करायचे?
3. वर्षभरात दुसऱ्या मशीनवर किंवा विभागात बदली मिळते का?
4. कंपनी कोणते प्रशिक्षण देते आणि त्याचे प्रमाणपत्र मिळते का?
5. सोडताना अनुभवपत्रात कामाचे स्वरूप लिहून मिळते का?

पाचवा प्रश्न किरकोळ वाटेल, पण तोच पुढे उपयोगी पडतो. ‘ऑपरेटर म्हणून काम केले’ एवढेच लिहिलेल्या पत्रापेक्षा मशीनचे नाव आणि कामाचे वर्णन असलेले पत्र पुढच्या मुलाखतीत बोलते. नोकरी चालू असतानाच अशी नोंद स्वतःच्या वहीत ठेवत चला.

६. संधी कुठे शोधावी?

नोकरी गेल्यावर शोध सुरू करणारा मिळेल ते घेतो. नोकरी हातात असताना शोधणाऱ्याला नाही म्हणता येते. म्हणून काम चालू असतानाच आठवड्यातून ठरावीक वेळ शोधासाठी ठेवा.

- सरकारी पोर्टले. केंद्राचे राष्ट्रीय करिअर सेवा पोर्टल, शिकाऊ उमेदवारीचे राष्ट्रीय पोर्टल आणि महाराष्ट्राचे महास्वयम् येथे नोंदणी मोफत होते. ३० किंवा अधिक मनुष्यबळ असलेल्या आस्थापनांना शिकाऊ उमेदवार घेणे बंधनकारक असल्यामुळे ती वाट मोठी आहे.
- आयटीआयमधील भरती मेळावे. उत्तीर्ण होऊन दोन-तीन वर्षे झालेल्यांनाही अनेक मेळाव्यांत प्रवेश असतो. आपल्या संस्थेतील प्लेसमेंट पाहणाऱ्या निदेशकांशी संपर्क ठेवा.
- कंपनीचे स्वतःचे संकेतस्थळ. मध्यस्थाने सांगितलेली जागा तिथे खरोखर आहे का, ते पडताळा.
- आधी गेलेली माणसे. तुमच्या तुकडीतील, तालुक्यातील कोणी तिकडे असेल तर त्याच्याशी बोला. ‘कसं चाललंय?’ असे विचारले की ‘बरं चाललंय’ एवढेच उत्तर येते. त्याऐवजी पगार कोणत्या तारखेला होतो, ओव्हरटाइम दुप्पट दराने मिळतो का, खोलीवर किती जण राहतात, असे नेमके विचारा.
- आताचीच कंपनी. आपल्याच कारखान्यात दुसऱ्या विभागात बदली मागणे हाही पर्याय आहे. तो बहुतेक जण यादीत लिहीतच नाहीत.

*सावधान.* नामांकित मोटार कंपन्यांच्या नावाने बनावट नियुक्तीपत्रे पाठवून ‘अनामत’, ‘गणवेश’, ‘वैद्यकीय तपासणी’ अशा कारणांनी पैसे मागितले जातात. नोकरी देण्यासाठी पैसे मागणाऱ्याशी बोलणे तिथेच थांबवा. मूळ प्रमाणपत्रे कोणाकडेही ठेवायला देऊ नका. दाखवा आणि परत घ्या. पैसे गेले असतील तर लगेच १९३० या सायबर मदत क्रमांकावर तक्रार करा.

७. जाण्याचे ठरले तर

आधी नवे नियुक्तीपत्र हातात घ्या, मग राजीनामा द्या. नोटीसचा काळ पूर्ण करा. कार्यमुक्ती पत्र, अनुभवपत्र आणि शेवटच्या तीन महिन्यांच्या पगाराच्या चिठ्ठ्या घ्या. भविष्य निर्वाह निधीचा यूएएन क्रमांक तोच राहतो, म्हणून नव्या कंपनीला तो द्या आणि जुनी रक्कम नव्या खात्यात वर्ग करून घ्या. ती काढून खर्च करू नका. पेन्शनसाठी लागणारी दहा वर्षांची सेवा अशीच जोडत जाते. रुजू झाल्यावर दोन-तीन महिन्यांनी पासबुक तपासा. कपात होऊनही जमा दिसत नसेल तर लगेच विचारा.

श्रीपेरुंबुदूरला रेल्वे स्थानक नाही. पुणे-सोलापूर मार्गे चेन्नईला उतरून पुढे रस्त्यानेच जावे लागते. पुण्याहून जवळजवळ एक दिवसाचा प्रवास धरा. घरी कोणी आजारी असेल तर हे अंतर निर्णयात धरायलाच हवे. शनिवारी रात्री निघून सोमवारी कामावर हजर, असे येथून जमत नाही.

भाषेची भीती बाळगू नका, पण तयारी करा. कामाच्या जागी हिंदी-इंग्रजी मिळून निभावते. तरी सुपरवायझर आणि जुने कामगार आपसांत तमिळच बोलतात आणि काम शिकायचे असते ते त्यांच्याकडूनच. ‘वेलै’ म्हणजे काम, ‘संबळम्’ म्हणजे पगार, ‘साप्पाडु’ म्हणजे जेवण. रोज पाच शब्द शिकले तरी सहा महिन्यांत वागणुकीतला फरक जाणवतो.

परतीची वाटही आताच पाहून ठेवा. चेन्नई आणि तळेगाव या दोन्ही ठिकाणी आता एकाच कंपनीच्या मोटारी बनतात. त्या पुरवठा साखळीत दोन-तीन वर्षे नीट शिकलेल्या माणसाला पुणे जिल्ह्यात परतताना तो अनुभव सांगता येईल. मात्र हे गृहीत धरू नका. दर सहा महिन्यांनी इकडच्या जाहिराती पाहत राहा.

सारांश

पर्यायांची तुलना तीन चाळण्यांतून करा. नियुक्तीपत्र आणि कामाचा प्रकार पहिल्यांदा, खर्च वजा जाता उरणारी शिल्लक दुसऱ्यांदा आणि शिकण्याची संधी तिसऱ्यांदा. पहिल्या चाळणीत अडकलेला पर्याय सोडा. शिल्लक जास्त आणि शिकणेही जास्त असेल तर निर्णय सोपा आहे. शिल्लक कमी पण शिकणे जास्त असेल तर फी किती आणि ती घराला परवडते का, ते घरच्यांसमोर तक्ता ठेवून ठरवा. दोन्ही कमी असतील तर नाही म्हणा आणि शोध चालू ठेवा. न जाण्याचा निर्णयही हिशेब करून घेतला असेल तर तो तितकाच योग्य असतो.

स्वाध्याय

1. तुमच्या सध्याच्या नोकरीचा आणि एका नव्या प्रस्तावाचा कलम ४ प्रमाणे तक्ता तयार करा.
2. तुमची सध्याची नोकरी पुढच्या महिन्यात संपली असे समजा. शिल्लक, कागदपत्रे आणि कौशल्ये यांपैकी तुमच्याजवळ काय काय असेल, त्याची यादी करा.
3. त्या यादीतील सर्वांत कमकुवत बाब कोणती? ती सुधारण्यासाठी येत्या सहा महिन्यांत काय करता येईल, ते पाच ओळींत लिहा.